पायपरीनची कॅप्सूल घ्यायची असेल तर आधी औषधांचा डबा उघडा

घरात कुणी गुडघ्यासाठी हळदीची म्हणजे कर्क्युमिनची कॅप्सूल घेत असेल तर ती बाटली आत्ता हातात घ्या आणि फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याचदा अगदी खालच्या ओळीत "ब्लॅक पेपर एक्स्ट्रॅक्ट" नाहीतर "पायपरीन" असं लिहिलेलं सापडतं, पुढे ५ मिलिग्रॅम, १० मिलिग्रॅम असा एक छोटासा आकडा. आकडा छोटा, वर मिरी म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातलीच, त्यामुळे कुणी लक्षच देत नाही. मीही दिलं नव्हतं.

आम्ही परळला राहतो. बाबा ७१ वर्षांचे, फिट्ससाठी त्यांना फेनिटॉइन कित्येक वर्षं चालू आहे आणि त्यावर सगळं नीट चाललेलं. मागच्या पावसाळ्यात गुडघे फार धरले, सकाळी फिरायला जातात तिथल्या एका काकांनी हळदीच्या कॅप्सूलचं सांगितलं आणि मीच ऑनलाइन मागवून दिली, रोज दोन, सकाळ-संध्याकाळ. तीन आठवडे झाले असतील, बाबांचा चालताना तोल जायला लागला, जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरायचे, एक दिवस म्हणाले "अगं, समोरचं सगळं हलल्यासारखं दिसतंय मला". आम्हाला वाटलं वय, मग वाटलं बीपी. डॉक्टरांनी रक्तातली फेनिटॉइनची लेव्हल करायला सांगितली, ती १० ते २० मध्ये असायला हवी, बाबांची २६ आली. डॉक्टरांनी विचारलं नवीन काही सुरू केलंय का, आणि आम्ही दोघंही एकदम म्हणालो, नाही काही. कारण कॅप्सूल आमच्या लेखी औषध नव्हतीच ना. घरी आल्यावर डायनिंग टेबलावरची ती बाटली दिसली आणि मग मी परत फोन केला. डॉक्टर म्हणाले, यामुळेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार, पण पायपरीनने फेनिटॉइन वाढतं हे माहिती आहे, आजच्या आज बंद करा. बंद केली, त्यांनी गोळीचंही थोडे दिवस बघून घेतलं आणि पुढच्या टेस्टला लेव्हल खाली आली, बाबांचं चालणं सुधारलं.

त्यानंतर मी या विषयावर जेवढं मिळेल तेवढं वाचलं, डॉक्टरांना आणि आमच्या नेहमीच्या केमिस्टला प्रश्न विचारून विचारून भंडावलं, आणि आता कुणी नातेवाईक विचारतात तेव्हा जे क्रमाने सांगते तेच इथे लिहितेय. पायपरीन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते नक्की काय करतं हे कळलं की घ्यायचं की नाही ते आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

पायपरीन करतं तरी काय

मिरी चावली की जिभेला जो झणका लागतो तो मुख्यतः याचा. १८१९ मध्ये हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने ते मिऱ्यातून पहिल्यांदा वेगळं काढलं. काळ्या मिरीत साधारण ५ ते ९ टक्के असतं आणि पिंपळीतही असतं. पाण्यात फारसं विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं.

आता मुख्य गोष्ट. आपण जे काही गिळतो, औषध असो नाहीतर हळद, त्यातलं बरंच शरीर लगेच बाहेर काढायच्या मागे असतं. आतड्याच्या भिंतीत एक पंप असतो जो आत शिरलेला पदार्थ परत मागे ढकलतो, त्याला पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात, आणि आतड्यात न् लिव्हरमध्ये एन्झाइम असतात, त्यातलं सीवायपी ३ए४ हे नाव लक्षात ठेवा, ते त्या पदार्थाची मोडतोड करतात. पायपरीन हे पंप आणि एन्झाइम काही काळ मंद करतं. पावसात दादरच्या हिंदमाताला पाणी तुंबतं, ते उपसायला पंप लावतात ना, पाऊस तेवढाच पडतोय पण पंप मंद झाला तर रस्त्यावर पाणी किती चढेल, तसंच हे आहे. गोळी तेवढीच घेतली, रक्तात मात्र जास्त साचली.

म्हणजे पायपरीन स्वतः काही भरून काढत नाही, ते व्हिटॅमिन नाही, लोह नाही, त्याची कमतरता कुणाला होत नाही. ते दुसऱ्या पदार्थाचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. म्हणून पायपरीन चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे, "मी अजून काय काय घेतोय" हे त्याच्या सोबत विचारायला लागतं.

हळदीशी त्याची जोडी जमली ती १९९८ च्या एका अभ्यासामुळे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये थोड्या निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं तर रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही, आणि सोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. प्रत्येक बाटलीवर जो २००० आकडा छापतात तो इथला. तो खोटा नाहीये. पण मुळात जवळजवळ शून्य होतं त्याची ती वाढ आहे, माणसं थोडी होती, आणि वाढ दिसली ती पहिल्या तासाभरातली. रक्तात वाढलं म्हणजे गुडघा तेवढ्या पटीने बरा झाला असं त्यातून निघत नाही. गुडघ्याच्या झिजेवर कर्क्युमिन-पायपरीनचे छोटे अभ्यास आहेत, काही आठवड्यांत दुखणं थोडं कमी झाल्याचं त्यात दिसलंय, तेव्हा अगदीच उपयोग नाही असंही मी म्हणणार नाही.

सप्लिमेंटमध्ये ५ मिलिग्रॅम हा डोस दिसतो तो को-एन्झाइम क्यू १० आणि बीटा-कॅरोटीनबरोबरच्या अभ्यासांतून आला, त्यात रक्तातलं प्रमाण वाढलं, क्यू १० चं साधारण ३० टक्के आणि बीटा-कॅरोटीनचं ६० टक्के. बायोपेरिन हे जे नाव बाटल्यांवर दिसतं तो ९५ टक्के शुद्ध केलेला अर्क, आणि हे अभ्यास तो बनवणाऱ्या कंपनीशी संबंधित लोकांनीच केलेले होते, एवढं माहीत असलेलं बरं. वजन कमी होतं, चरबी वितळते, मेंदू तल्लख होतो असे दावे बघून मात्र पैसे घालवू नका, त्यातलं बहुतेक उंदरांवरचं नाहीतर टेस्टट्यूबमधलं आहे.

आपल्याकडे हे आधीपासून ठाऊक होतं

आजी लोक चाटण देताना सुंठ, मिरी, पिंपळी एकत्र करून मधातून द्यायच्या, ते त्रिकटू. आयुर्वेदातल्या कितीतरी पाठांत त्रिकटू असतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी हाच धागा पकडला, की एवढ्या सगळ्या औषधांत मिरी-पिंपळी कशाला घालत असतील, आणि तिथून औषधांची उपलब्धता वाढवणारा पदार्थ म्हणून पायपरीनवर काम सुरू झालं.

त्यातून एक फार मोलाची गोष्ट निघाली. टीबीचं रिफाम्पिसिन. जम्मूची तीच प्रयोगशाळा आणि कॅडिला फार्मा यांनी मिळून २००९ मध्ये रायसोरिन नावाची कॅप्सूल आणली, त्यात रिफाम्पिसिन २०० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ३०० आणि पायपरीन १०. नेहमीच्या ४५० मिलिग्रॅम रिफाम्पिसिनचं काम २०० मध्ये व्हावं हा त्यामागचा विचार. मुंबईत ज्याच्या घरात किंवा मजल्यावर टीबीचा पेशंट नव्हता असं माणूस शोधावं लागेल, त्यामुळे हे वाचून मला खरंच भारी वाटलं. पण बघा, तिथे पायपरीन घातलं तेव्हा औषधाचा डोस निम्म्याहून खाली आणला, मोजून, तपासून. आपण घरी काय करतो, गोळीचा डोस तोच ठेवतो आणि वरून पायपरीन टाकतो. म्हणून टीबीची औषधं चालू असताना स्वतःच्या मनाने हळद-मिरीच्या कॅप्सूल अजिबात सुरू करू नका, त्या औषधांचा लिव्हरवर आधीच भार असतो.

आणि अजून एक, जुनं आहे म्हणून कितीही घेतलं तरी चालतं असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की चरकसंहितेत विमानस्थान या भागातच म्हटलंय, तीन गोष्टींचा अति वापर करू नये, पिंपळी, क्षार आणि मीठ. पिंपळी म्हणजे पुन्हा पायपरीनच. रसायन म्हणजे आयुर्वेदातलं शक्तिवर्धक औषध म्हणून पिंपळीचे प्रयोग आहेत पण ते वैद्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या दिवसांचे.

आता प्रत्यक्ष काय करायचं

पहिलं काम म्हणजे औषधांचा डबा टेबलावर उपडा करा. रोजच्या गोळ्या, आठवड्यातून एकदाच्या, डोकं दुखलं की घ्यायच्या, होमिओपॅथी, आयुर्वेदिक काढे, प्रोटीन पावडर, सगळं. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव असतं त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते कागदावर लिहा. ब्रँडची नावं लिहून काही कळत नाही, एकाच औषधाची दहा नावं असतात.

त्या यादीत पुढचं काही असेल तर पायपरीनची बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडायची नाही. फिट्सची औषधं सगळ्यात आधी, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या दोन्हींचं प्रमाण वाढल्याचं पेशंटांवरच्या अभ्यासात दिसलंय, आणि फेनिटॉइनचं तर असं आहे की एका मर्यादेच्या पुढे डोस थोडा वाढला तरी रक्तातली लेव्हल एकदम उडी मारते, आमच्याकडे बहुतेक तेच झालं. मग प्रोप्रॅनोलॉल, जे बीपीला, मायग्रेनला, हात थरथरण्याला देतात, आणि थिओफिलिन, जे दम्याला देतात. या दोन्हींवर १९९१ मध्येच निरोगी माणसांवर अभ्यास झालाय, रोज २० मिलिग्रॅम पायपरीन सात दिवस देऊन, आणि दोन्ही औषधं रक्तात बरीच वाढली. थिओफिलिन वाढलं की धडधड, उलट्या, झटकेसुद्धा येऊ शकतात.

रक्त पातळ करायची औषधं, वॉरफरिन, असिनोकुमारोल, क्लोपिडोग्रेल, यांच्यासोबत हळदीचा हाय डोस आणि पायपरीन दोन्ही नकोच, ज्यांना दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करावी लागते त्यांनी तर नाहीच नाही. किडनी किंवा लिव्हर बदललेल्यांची टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन ही औषधं याच पंपातून आणि याच एन्झाइममधून जातात, तिथे लेव्हल इकडची तिकडे होणं परवडणारं नाही. कॅन्सरची औषधं, एचआयव्हीची औषधं, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, हे सगळं त्याच रांगेत. अम्लोडिपिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या तर घरोघरी असतात आणि त्याही त्याच एन्झाइमवर अवलंबून, म्हणून बीपी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर निदान विचारा तरी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुद्धा विचारून, आणि सुरू केलंच तर ग्लुकोमीटरवर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजून, शुगर खाली गेली की जिन्यात, ट्रेनमध्ये कुठेही चक्कर येऊ शकते.

"दोन गोळ्यांमध्ये तीन तासांचं अंतर ठेवते ना मी" असं माझी मावशी म्हणाली होती. त्याने पूर्ण काम होत नाही मावशी, कारण पोटात दोघं भेटतात म्हणून हे होत नाही, पायपरीन एन्झाइमलाच मंद करून ठेवतं आणि तो परिणाम पुढे रेंगाळतो.

प्रेग्नंट असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर कॅप्सूल नको. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तर पुरुषांनीही थांबा, उंदरांवर मोठ्या डोसला पुरुषबीजांवर परिणाम दिसलाय, तो माणसाला तसाच लागू होईल असं नाही पण त्या काळात रिस्क घ्यायचं कारण काय. लहान मुलांना नको. अ‍ॅसिडिटी, अल्सर, आतड्याचा त्रास असणाऱ्यांना तर दुसऱ्याच दिवशी छातीत जळजळ सांगेल. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपणहून सांगायचं, तिथे भुलेची, झोपेची औषधं देतात त्यातली काही याच मार्गाने जातात.

यातलं काहीच लागू नसेल, तब्येत ठणठणीत असेल आणि तरी घ्यायचं असेल, तर पुढचं वाचा.

लेबल वाचायचं गणित

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. "ब्लॅक पेपर एक्स्ट्रॅक्ट १० मिलिग्रॅम, ९५ टक्के पायपरीन" म्हणजे पायपरीन साडेनऊ मिलिग्रॅम. पण "ब्लॅक पेपर पावडर १० मिलिग्रॅम" असं असेल तर पायपरीन जेमतेम अर्धा ते एक मिलिग्रॅम, म्हणजे नावापुरतं. दोन्ही बाटल्यांवर समोर मिऱ्याचं चित्र तेच. मग बघा तो आकडा एका कॅप्सूलचा आहे का एका सर्व्हिंगचा, सर्व्हिंग कधी कधी दोन-तीन कॅप्सूलची असते. आणि घरात अजून दुसऱ्या बाटलीत पण पायपरीन आहे का ते बघा, मल्टिव्हिटॅमिन, क्यू १०, अश्वगंधा, जिमवाल्यांची फॅट बर्नर, सगळ्यात हल्ली घालतात. माझ्या भावाच्या कपाटात तीन डबे निघाले, तिन्हींत पायपरीन, बेरीज २५ मिलिग्रॅमच्या वर.

नुसतं "प्रोप्रायटरी ब्लेंड" लिहून आतल्या एकेका घटकाचा आकडा दिला नसेल तर ते घेऊच नका, मोजता येत नाही ते सांभाळणार कसं. फूड सप्लिमेंट असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा १४ आकडी लायसन्स नंबर हवा, "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ हवी, दिवसाला किती घ्यायचं ते आणि त्याहून जास्त घेऊ नका हे लिहिलेलं हवं. आयुर्वेदिक औषध म्हणून विकत असतील तर त्यावर आयुषचं मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स असतं. दोन्ही नसेल, आणि लोकल ट्रेनमध्ये किंवा फूटपाथवर कुणी सुट्ट्या पुडीत "सांध्यांची पावडर" देत असेल, तर नकोच.

किती, कधी, कशाबरोबर

यावर सगळ्या देशांचं एकमत नाही. जर्मनीची बीएफआर ही सरकारी संस्था सप्लिमेंटमधल्या वेगळ्या काढलेल्या पायपरीनसाठी दिवसाला २ मिलिग्रॅम एवढंच सुचवते, कॅनडाच्या सरकारी नियमात वरची मर्यादा १४ मिलिग्रॅम आहे. बाजारात ५ ते १० चं सगळ्यात जास्त मिळतं, अभ्यासांत २० पर्यंत दिलंय. माझं मत विचाराल तर ५ च्या वर जायचं कारण दिसत नाही, आणि सगळ्या डब्यांची बेरीज धरून ५.

घ्यायचं ते भरल्या पोटी, ज्या जेवणात थोडं तेल-तूप आहे त्या जेवणाबरोबर. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्याबरोबर घेतात ते करू नका, पोट जळतं. गुडघ्यासाठी घेत असाल तर कॅलेंडरवर सुरू केल्याची तारीख लिहा, दुखणं ० ते १० मध्ये किती ते लिहा, आणि सहा आठवडे झाले की परत लिहा. फरक नसेल तर बंद. बाटल्यांमागून बाटल्या चालू राहतात कारण कुणी मोजतच नाही, आणि बंद केलं तर दुखणं वाढेल या भीतीने माणूस पैसे भरत राहतो. एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा, म्हणजे काही झालं तर कशाने झालं ते कळेल.

लिव्हरचं सांगायलाच हवं

हळद इतकी आपली आहे की हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पण हाय डोस हळदीच्या कॅप्सूलनी, विशेषतः पायपरीन घालून शोषण वाढवलेल्या, काही लोकांच्या लिव्हरला इजा झालीये. इटलीत २०१९ मध्ये अशा केसेस लागोपाठ आल्या आणि नंतर तिथे लेबलवर इशारा आला. ऑस्ट्रेलियाच्या टीजीए या औषध नियामकाने २०२३ मध्ये लोकांना सावध केलं. अमेरिकेतल्या लिव्हर इजेच्या नोंदी ठेवणाऱ्या नेटवर्कने २०२२ मध्ये हळदीमुळे झालेल्या १० केसेस मांडल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकीय प्रकार सापडला. किती कोटी लोक हळदीच्या गोळ्या घेतात ते बघता हे दुर्मिळ आहे. पण आपल्यात तो जीन आहे की नाही हे कुणाला ठाऊक असतं? भाजी-आमटीतल्या चिमूटभर हळदीबद्दल हे नाही, ती खात राहा.

त्रास साधारण महिन्याभराने ते चार महिन्यांत दिसतो, म्हणून "मी दोन महिने घेतेय, काही झालं नाही" यावर विसंबू नका. जेवणावरची वासना गेली, मळमळ, विनाकारण थकवा, अंगाला खाज, लघवी गडद चहासारखी, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट, यातलं काहीही दिसलं की कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या. बाटली फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा, लेबलाचा फोटो काढून ठेवा. आधी कावीळ झालेली, फॅटी लिव्हर आहे, किंवा दारू नियमित असेल तर मी तरी म्हणेन या वाटेलाच जाऊ नका.

कॅप्सूल नकोच असेल तर

हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण हिशोब करून बघितल्यावर मी स्वतः चकित झाले. मिरीत ५ टक्के पायपरीन धरलं तरी अर्धा ग्रॅम मिरपूड, म्हणजे साधारण दहा-बारा मिरी, यात २५ मिलिग्रॅम पायपरीन असतं. सातशे-आठशे रुपयांच्या बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये ५ असतं. म्हणजे मिऱ्याचं सार प्यायलं, अंड्यावर मिरपूड भुरभुरली, की पोहोचलं.

मग लगेच प्रश्न येतो, तसं असेल तर जेवणातली मिरीपण धोक्याची का? नेहमीच्या जेवणातली नाही. ती दिवसभर थोडी थोडी जाते, भरड कुटलेल्या कणांमधून हळूहळू सुटते, भाताबरोबर, भाजीबरोबर जाते, आणि तुमच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी ठरवला तेव्हा तुम्ही हे जेवण जेवतच होतात. अर्क काढलेलं पायपरीन एकदम, रोज ठरल्या वेळी, वर हळदीच्या मोठ्या डोससोबत पडतं ती वेगळी गोष्ट. पण रोज सकाळी चमचाभर त्रिकटू किंवा मिरपूड मधातून चाटत असाल, किंवा करोनाच्या वेळी आयुष मंत्रालयाने सांगितलेला तुळस, दालचिनी, सुंठ, मिरीचा काढा अजूनही दिवसातून तीनदा चालू असेल, तर तेही यादीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा.

आता बाबांना रात्री हळदीचं दूध देते, तेही डॉक्टरांना विचारूनच. एक कप दूध, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तूप, एकच मिरी खलबत्त्यात ठेचून, मंद गॅसवर पाच मिनिटं. त्याने गुडघे बरे झालेत असा दावा नाही, त्यांना झोप बरी लागते म्हणतात.

मिरी अख्खी आणा, पूड विकत घेऊ नका, पुडीत काय काय असतं ते कळत नाही. मी लालबागहून आणते, वर्षाचा मसाला करायला जाते तेव्हाच, आणि आत्याकडून सावंतवाडीहून सुपारीच्या झाडावर चढवलेल्या वेलाची थोडी येते ती वेगळीच तिखट. भेसळ पपईच्या बियांची होते. ग्लासभर पाण्यात चमचाभर मिरी टाका, चांगली तळाशी जाते, पपईच्या बिया वर तरंगतात. दोन बोटांत दाबल्यावर चुरा होणारी मिरी पोकळ. जास्तच चकचकीत काळी असेल आणि हातावर चोळल्यावर रॉकेलसारखा वास आला तर तेल फासलेलं आहे, परत करा. काचेच्या घट्ट बरणीत ठेवा, आपल्याकडच्या पावसाळी हवेत प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

आणि समजा कॅप्सूल घेतल्यावर काही त्रास झालाच, तर नुसतं डॉक्टरांना सांगून थांबू नका, त्याची नोंदही करा. भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायच्या, कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४, मोठ्या मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांतही औषधांचे दुष्परिणाम नोंदवायचं केंद्र असतं. पेशंट स्वतः किंवा घरचं कुणीही कळवू शकतं. कॅप्सूलचं नाव, बॅच नंबर, सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि सोबतच्या सगळ्या गोळ्यांची यादी एवढं हाताशी ठेवा. बाबांच्या वेळी माझ्याकडे बॅच नंबर नव्हता, बाटली मी रागाने कचऱ्यात टाकली होती. आता प्रत्येक नवीन बाटली उघडायच्या आधी तिच्या चारही बाजूंचे फोटो काढून ठेवते, आणि बाबांच्या औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर त्यांची सगळी औषधं खऱ्या नावाने लिहिलेली आहेत आणि खाली लाल पेनाने, "काळी मिरी अर्क / पायपरीन असलेलं काहीही नको".